कच्च्या वहीतलं त्याचं अक्षर

सांजवेळ

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या वर्गातला एक जण गेला. आजाराने गेला. तो आजारी आहे हेच आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना न विचारता ते लिहावंसं वाटत नाही.

तो माझा जिवलग मित्र वगैरे नव्हता. आडनावांच्या क्रमाने हजेरीचे नंबर लागले, त्याचा नंबर माझ्या लगेच पुढचा, म्हणून फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तीन वर्षं आम्ही एका टेबलावर होतो. कॉलेज संपल्यावर दोनदाच भेट झाली, तीही घोळक्यात. शेवटचं बोलणं झालं त्याला अकरा वर्षं झाली.

बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होते. जिन्यात जाऊन उभी राहिले आणि रडले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो समजूतदार आहे, त्याने फक्त एवढंच विचारलं, "शेवटचं कधी बोलला होतात?" अकरा वर्षं म्हटल्यावर तो गप्प झाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण त्या आकड्यापुढे मला माझंच रडणं खोटं वाटायला लागलं. वर्गाच्या ग्रुपवर दुपारभर हात जोडलेली चित्रं येत राहिली. रात्री कुणीतरी भलताच व्हिडिओ टाकला, आणि मग सगळं पूर्ववत.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे त्या प्रॅक्टिकलची कच्ची वही आहे. पक्की जर्नलं दोघांची वेगळी असायची, पण जागेवर रीडिंग टिपायची वही एकच होती. एकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्याने व्हर्नियर, म्हणजे कोन मोजायची बारीक पट्टी, वाचून लिहायचं. म्हणजे जिथे जिथे त्याचं अक्षर आहे, तिथे पाहणारी मी होते. निम्मी वही त्याच्या हातची आहे. घरं बदलताना किती कागद टाकले, ही वही राहिली. का राहिली ते मला सांगता येणार नाही.

ती त्याच्या घरी पाठवावी का? त्याची बायको मला ओळखत नाही. कुठल्या तरी बाईकडे आपल्या नवऱ्याच्या कॉलेजातली वही इतकी वर्षं होती, हे ऐकून तिला काय वाटेल? आईवडील आहेत, थकलेले आहेत. जखमेवरची खपली काढल्यासारखं होईल का? की हे सगळं मी माझ्याच समाधानासाठी करते आहे?

वाटसरू

पाठवू नका, निदान आत्ता तरी नको. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. त्या घरात सध्या बँक, विमा, हॉस्पिटलची बिलं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती असं चालू असेल. माझा भाऊ गेला तेव्हा पहिले दोन महिने आम्ही नुसत्या सह्या करत होतो. तेव्हा कुणी काय आणून दिलं, काय बोललं, मला आठवतच नाही. चांगल्या वस्तूसुद्धा त्या ढिगाऱ्यात गेल्या.

उंबरठा

माझी धाकटी बहीण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. अपघात. त्या आठवड्यात तिचा अख्खा वर्ग घरी आला होता. मुलं भिंतीला टेकून उभी होती, कुणालाच बोलता येत नव्हतं, आणि आईला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

पण वर्ष उलटल्यावर त्यातल्या दोघी परत आल्या, आधी फोन करून, आणि तीन तास बसल्या. बहीण वर्गात कुठे बसायची, कुठल्या सरांना घाबरायची, पळत येऊन हजेरी कशी गाठायची. एकदा तोंडी परीक्षेत तिला उत्तर येईना, तेव्हा तिने सरांना सरळ सांगितलं होतं, "सर, काल येत होतं." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. घरी ती अबोल होती. बाहेर ती असं बोलायची हे आईला ती गेल्यावर कळलं. आई त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा हसली आणि मग खूप रडली. ते रडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं, एवढंच मी सांगू शकते.

गेलेल्या माणसाची नवी आठवण आता कधीच तयार होणार नाही, हे घरच्यांना फार लवकर कळून चुकतं. त्यांच्याकडे आहे तेवढाच साठा. अशा वेळी कुणी न ऐकलेली एक गोष्ट घेऊन आलं, तर तो माणूस त्या दिवसापुरता थोडासा वाढतो. तुमच्या वहीत तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या बायकोने तो एकोणीस वर्षांचा पाहिलेला नाही.

वाटसरू म्हणतात ते वेळेबद्दल खरं आहे. पण पाठवाच.

रानवाट

मी समुपदेशनाचं काम करते. सांजवेळ, तुमच्या पोस्टमधलं "माझंच रडणं खोटं वाटायला लागलं" हे वाक्य मला सोडवत नाहीये.

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली या प्रकारच्या दुःखाला एक नाव दिलं. मराठीत मी त्याला "मान्यता नसलेलं दुःख" म्हणते. नातं लोकांच्या हिशेबात बसत नाही, म्हणून त्या माणसासाठी शोक करण्याचा हक्कही नाही असं ठरून जातं. माजी जोडीदार, सहकारी, शेजारी, जुने वर्गमित्र. यांना रजा नसते, भेटायला कुणी येत नाही, "कसे आहात" असंही कुणी विचारत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हा हक्क माणूस स्वतःच स्वतःला नाकारतो, अकरा वर्षांचा आकडा पुढे करून.

वर्गमित्राच्या जाण्यात आणखी एक गोष्ट असते. त्या वयातल्या आपल्याला ओळखणारी माणसं मोजकी असतात. त्यातलं एक गेलं की आपल्या त्या वयाचा एक साक्षीदार जातो. त्या टेबलावर तुम्ही दोघंच होता, आता ते आठवणारी तुम्ही एकटी आहात. रडू यायला एवढं पुरेसं आहे.

निवांत

पण हे दुःखाच्या पाच पायऱ्यांपैकीच नाही का? आधी नाकारणं, मग राग वगैरे, शेवटी स्वीकार. वेळ गेला की होईल.

रानवाट

पाच पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, पण स्वतःच्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि जिना चढावा तशा क्रमाने कुणीच त्या चढत नाही. माझ्याकडे येणारी माणसं "मला अजून राग आला नाही, माझं काही चुकतंय का" असंही विचारतात. त्या पायऱ्यांनी असं एक जादाचं ओझं दिलं आहे.

श्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला अनुभवाच्या जास्त जवळचं वाटतं. माणूस येरझारा घालत असतो. थोडा वेळ दुःखात, थोडा वेळ रोजच्या कामात, पुन्हा दुःखात. दोन्ही लागतं. तुमच्या ग्रुपवर रात्री व्हिडिओ आला, तो टाकणारा कदाचित दुपारी तुमच्यासारखाच कुठल्या तरी जिन्यात उभा असेल.

आणि वहीबद्दल. विसाव्या शतकात बराच काळ असं मानलं जायचं की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं म्हणजे शोक पूर्ण होणं. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट मांडणी केली, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवण्यात आजारासारखं काही नाही. त्यामुळे "इतकी वर्षं वही का ठेवली" याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

दोरा

मी इथे जरा रुक्ष मदत करतो, पण ही वेळेत व्हायला हवी.

व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं तर काढून टाकलं जातं. म्हणजे घरच्यांनी त्याचा फोन चालू ठेवला नाही, तर साधारण चार महिन्यांनी एका सकाळी तुमच्या ग्रुपमधून त्याचा नंबर गळेल. आमच्या ग्रुपवर तसं झालं तेव्हा एक मैत्रीण मला फोन करून रडली होती, "तो ग्रुप सोडून गेला" म्हणून. ते होणार आहे हे आधी माहीत असलं तर धक्का थोडा कमी बसतो. तुमच्या फोनवरचं त्याच्याशी झालेलं बोलणं मात्र तुमच्याकडे राहतं. त्याचा आवाज कुणाकडे व्हॉइस मेसेजमध्ये असेल तर आजच वेगळा साठवून ठेवायला सांगा. फोन बदलताना पहिला बळी त्याचाच जातो.

फोटोंचंही तसंच. गूगलने दोन वर्षं वापर नसलेली खाती काढून टाकायला डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. त्याने कधी गेट-टुगेदरचा अल्बम शेअर केला असेल आणि तुम्ही सगळे नुसत्या लिंकवर विसंबून असाल, तर ते फोटो आपापल्याकडे उतरवून घ्या.

फेसबुकचं खातं स्मृतिखातं करता येतं, मग त्याच्या वाढदिवसाला "शुभेच्छा द्या" अशी आठवण येत नाही. पण तो निर्णय घरच्यांचा. वर्गातल्या कुणी परस्पर ते करायला जाऊ नये. माझ्या ओळखीत एका मित्राने चांगल्या हेतूने केलं आणि बायकोला नवऱ्याच्या खात्यात जाता येईना. मेसेज, फोटो, सगळं आत.

काठावर

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. आमच्या वर्गातला एक जण तिसऱ्या वर्षाला असताना स्वतःहून गेला. आता वीसेक वर्षं झाली. वर्ग जमला की त्याचं नाव निघतं आणि दोन मिनिटांत विषय बदलतो. बोललोच तर फक्त शेवटच्या आठवड्याबद्दल. कुणी त्याला शेवटचं पाहिलं, त्याच्या वागण्यात काही जाणवलं होतं का. त्याचं सगळं जगणं त्या एका दिवसाखाली दबून गेलं.

तो उत्तम कॅरम खेळायचा. आमच्या हॉस्टेलमध्ये ज्याला रात्री झोप यायची नाही, त्याला तो बोर्डावर बोलवायचा आणि मुद्दाम हरायचा. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितो आहे. त्याच्या आईला कधी सांगितलं नाही. मी घाबरलो. मला वाटलं, मला पाहून तिला वाटेल की हा जिवंत आहे आणि माझा नाही.

सांजवेळ, माझ्यासारखी वीस वर्षं घालवू नका.

उंबरठा

काठावर, आई असतील तर अजूनही सांगा. माझ्या आईला तसं कधीच वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. तिने ते बोलूनही दाखवलं. पण तरी त्या दोघी आल्या याचं तिला बरंच वाटलं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

पाऊलवाट

एक व्यवहाराची गोष्ट. काहीही देण्याआधी पान न् पान वाचा. त्या वयाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर काय काय असतं! कुणाचं नाव, कुणाबद्दलचा राग, घरच्यांविषयी लिहिलेलं काहीतरी. मी एका मैत्रिणीची पत्रं तिच्या घरी नेऊन दिली होती. वडिलांबद्दल तिने रागाच्या भरात लिहिलेल्या चार ओळी त्यात होत्या. त्या मी आधी पाहिल्या नाहीत. त्यांनी पाहिल्या. मला अजून स्वतःला माफ करता आलेलं नाही. गेलेल्या माणसाला नंतर खुलासा करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण जपायचं.

आणि थेट कुरिअर करू नका. आधी चिठ्ठी किंवा फोन. "माझ्याकडे असं असं आहे, तुम्हाला पाहावंसं वाटलं तर, आणि वाटेल तेव्हा." हवं की नको, आणि कधी, हे त्यांच्या हातात राहू द्या. "काही मदत लागली तर सांगा" असं मोघम लिहू नका, तसं कुणी सांगत नसतं. आणि "देवाला चांगली माणसं हवी असतात" हे तर नकोच. त्यांना तो इथे हवा होता.

निवांत

मघाशी मी "वेळ गेला की होईल" असं लिहिलं, ते घाईत लिहिलं. माफ करा. माझ्या वर्गातलेही दोघं गेले आहेत, आणि मी दोन्ही वेळा ग्रुपवर हात जोडून बाजूला झालो. शब्द सुचत नाहीत म्हणूनच ते चित्र टाकतो आपण. ते टाकणाऱ्यांवर रागावू नका एवढीच विनंती.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. रात्री वही घेऊन बसले. पाऊलवाट यांनी सांगितलं तसं पान न् पान पाहिलं.

आधी वही कसली आहे ते सांगते. स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून मोजायच्या यंत्राचा प्रयोग, अंधारी खोली, सोडियमचा दिवा. तो दिवा लावला की आधी मिणमिणता लालसर असतो, मग हळूहळू पिवळा होतो. दहा-एक मिनिटं थांबावं लागतं. मध्ये ग्रेटिंग, म्हणजे अतिशय बारीक रेघा आखलेली काच, ठेवायची आणि दुर्बीण फिरवत पिवळी रेघ शोधायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की ती एक रेघ नसून दोन आहेत, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या, एकमेकींना अगदी चिकटून. पहिल्या ऑर्डरमध्ये, म्हणजे मधल्या उजेडापासून बाजूला जाताना रेघ पहिल्यांदा दिसते तिथे, आमच्या जुन्या यंत्रावर ती एकच दिसायची. दुसऱ्या ऑर्डरपर्यंत दुर्बीण नेली की रेघ फिकी होते, पण सुटी होते.

मला ती सुटी दिसेना. वेळ संपत आला होता, बाकीची टेबलं आवरून निघाली होती. मी म्हटलं, पुस्तकातला आकडा लिहून टाकू. त्याने तोवर तो आकडा लिहिलाही असता, त्याला घाई होती, त्याची बस होती. पण तो म्हणाला, "थांब, डोळा जरा निवू दे. मी टॉर्च बंद करतो." आणि टॉर्च बंद करून तो अंधारात नुसता बसून राहिला, माझा डोळा सरावेपर्यंत. मग मला दिसलं. दोन रेघा, मध्ये केसाएवढा काळोख. मी ओरडलेच. त्याने टॉर्च लावली आणि रीडिंग लिहिलं.

ते पान आहे वहीत. त्याच्या अक्षरात दोन्ही व्हर्नियरची रीडिंग आहेत, आणि खाली एक ओळ, मी पूर्ण विसरले होते ती: "दोन दिसल्या. ५:४०." त्याची बस साडेपाचची असायची.

मागच्या पानावर नाव वगैरे काही नाही. एका तासाला पेन्सिलीने चाललेलं बोलणं आहे. "किती वाजले", "अजून १२ मिनिटं", "घड्याळ बंद पडलंय का तुझं", "मलाही तेच वाटतंय". एक ओळ त्याची, एक माझी.

दोरा

प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या, म्हणजे पेन्सिलीच्या ओळी उठून दिसतील. शाई उडायला लागली असेल तर वही उन्हात ठेवू नका, आणि प्लास्टिकचं लॅमिनेशन अजिबात नको.

वाटसरू

मी सगळ्यात आधी नको म्हटलं होतं. ते ५:४० वाचलं आणि माझं मत बदललं. फक्त थोडं थांबा.

सांजवेळ (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर आणते आहे, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

मी थांबले. मग त्याच्या बायकोला चिठ्ठी लिहिली, नवऱ्याला दाखवून. मी कोण, वही कसली, ते ५:४०चं पान, आणि हवी असेल तरच. सहा दिवसांनी तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. तिला आत्ता काही पाहवणार नाही, पण सासऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांनी माझा नंबर मागून घेतला. तिने पुढे लिहिलं होतं, "ते पान मात्र माझ्यासाठी ठेवा. मी मागेन." मी अजून काही विचारलेलं नाही.

काल काकांचा फोन आला. आवाज खणखणीत होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा. सुरुवातीला त्यांनी वहीबद्दल काहीच विचारलं नाही. माझी मुलं काय करतात, मी कुठे नोकरी करते. मग म्हणाले, "त्यात तो सात कसा काढतो? पोटात आडवी रेघ मारतो का?"

मी वही उघडली. सगळे सात तसे होते. म्हटलं, "हो काका, सगळे."

म्हणाले, "मी शिकवलं होतं. त्याचा एक आणि सात सारखा यायचा, गणितात मार्क जायचे." मग थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मग मी त्यांना अंधाऱ्या खोलीचं सगळं सांगितलं. दिवा, दुर्बीण, बंद केलेली टॉर्च, चुकलेली बस. ते "हं, हं" करत ऐकत होते. तो त्या दिवशी उशिरा घरी आला असेल आणि बोलणी खाल्ली असतील, असंही त्यांना आठवून पाहायचं होतं. पण ते आठवलं नाही, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "पण तुला दिसल्या ना नक्की? की त्याची बस जाऊ नये म्हणून हो म्हणालीस?"

म्हटलं, "नाही काका, खरंच दिसल्या. दोन होत्या."

"बरं," म्हणाले. "मग ये वही घेऊन. रविवारी ये."